उघडं कर्ज, झाकलेलं कर्ज

सातपाटीत कर्जाची लाज कुणी फारशी बाळगत नाही. बोट बांधायची, इंजिन बदलायचं, जाळी घ्यायची, तर पैसा आधी लागतो आणि पापलेट नंतर मिळतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ते दोन महिने उधारीवर निघतात आणि नारळी पौर्णिमेनंतर फेडीला सुरुवात होते. मच्छीमार संस्थेचं कर्ज, व्यापाऱ्याची उचल आणि भावकीतला जामीन, यांवर इथला धंदा उभा आहे. एखादा हंगाम वाया गेला की थकबाकी होते. तिला गाव लबाडी म्हणत नाही.

पण इथली मुलं आता तारापूरच्या अणुवीज केंद्रात, सीआयएसएफमध्ये, रेल्वेत, बँकेत नोकऱ्या शोधतात. निवड झाली की साक्षांकन नमुना येतो आणि पोलीस पडताळणी सुरू होते. शाळेत शिकवत असल्याने असे नमुने भरून द्यायचं काम माझ्याकडे आपसूक येतं. सोबत आलेल्या बापाचा प्रश्न ठरलेला: "सर, बोटीचं कर्ज थकलंय. पोराच्या नोकरीला आड येईल का?"

नाही येत. त्या नमुन्यात कर्जाचा रकानाच नसतो. अटक, खटला, शिक्षा, चालू प्रकरण, एवढंच विचारतात. शिवाय बापाची थकबाकी म्हणजे मुलाचं चारित्र्य नव्हे.

तरीही कर्ज मागल्या दाराने आत शिरतं. अनेक ठिकाणी कर्ज देताना सह्या केलेले कोरे चेक घेतले जातात. असा चेक वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. चेकवर मुलाची सही असेल, तर ते 'चालू प्रकरण' त्याच्या नमुन्यात येतं. जामीनदाराचंही तसंच. कायद्याने त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि हप्ते थकले की सिबिल त्याचंही बिघडतं. बँकांच्या भरतीत हे थेट पाहतात: सिबिलच्या कारणावरून स्टेट बँकेने रद्द केलेली एक नेमणूक २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही वाचवली नाही.

नोकरी लागल्यावरही विषय संपत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत सतत कर्जबाजारी राहण्यास मनाई आहे. वसुलीचा दावा झाला, तर वरिष्ठांना सगळी हकीकत कळवावी लागते. परिस्थिती आपल्या हाताबाहेरची होती, उधळपट्टी नव्हती, हे कर्मचाऱ्यानेच सिद्ध करायचं. अमेरिकेत तर गुप्त कामाची परवानगी देताना उमेदवाराचे पैशाचे व्यवहार हा स्वतंत्र निकष असतो. सीआयएचा आल्ड्रिच एम्स १९८५मध्ये सोव्हिएतांना माहिती विकू लागला, तेव्हा तो कर्जात होता. १९९४मध्ये पकडला गेला. मात्र आजारपण किंवा नोकरी जाण्यामुळे झालेलं कर्ज, माणूस ते फेडायला धडपडत असेल, तर तिथेही समजून घेतात.

सरकारला खरी भीती वाटते ती दबावाची. ज्याचं कर्ज कुणालाच ठाऊक नाही, त्याला ते ठाऊक असलेला एकच माणूस वाकवू शकतो. सातपाटीतल्या नाखव्याला असं वाकवणं अवघड, कारण त्याची थकबाकी संस्थेच्या वहीत असते आणि चार माणसांत बोलली जाते. मला काळजी वाटते ती त्याच्या मुलाची. मोबाईलवरच्या अ‍ॅपवरून तो घरी न सांगता कर्ज घेतो, ते फेडायला दुसऱ्या अ‍ॅपवर जातो. बोटीच्या कर्जापुढे ही रक्कम किरकोळ असते. पण ती झाकलेली असते.

न्यायालयाचाही रोख लपवण्याकडेच आहे. पडताळणीत माहिती दडवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये अवतार सिंग प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. प्रकरण क्षुल्लक असेल तर ते दडवणंही माफ करता येतं. पण तो अधिकार नोकरी देणाऱ्याचा. त्याच्या मर्जीवर मुलाचं भविष्य टांगू नये.

म्हणून आईबापांना माझं सांगणं आहे: मुलाला जामीन करण्याआधी दहादा विचार करा, कोऱ्या चेकवर त्याची सही देऊ नका. आणि मुलांनो, खटला असेल तर नमुन्यात स्पष्ट लिहा, कर्ज असेल तर आधी घरात सांगा. थकलेलं कर्ज फेडता येतं; खोटं भरलेला नमुना परत घेता येत नाही.