आधी पाणी, मग प्रश्न?

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. ईद होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याकडच्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरे उडाली, विजेचे खांब मोडून पडले. विजेबरोबर पंपावरच्या नळयोजनाही थांबल्या. कोरोनाचे दिवस होते. सारे जग हात धुवा म्हणून सांगत होते आणि आमचा नळ कोरडा होता. नळ आल्यापासून ज्या विहिरींकडे आम्ही पाठ फिरवली होती, त्यांच्यातला पालापाचोळा काढून दोर शोधण्याची वेळ आली.

मग मदत आली. बाटलीबंद पाणीही आले. देणाऱ्यांच्या नियतीविषयी शंका नाही. शेजारच्या एक वृद्ध खाला मात्र म्हणाल्या, “पिण्यापुरतं मिळालं बाळा, पण साठवायचं कशात? झाकणाची बादली कुणी आणली नाही.” संडासाचे पत्रे उडालेल्या घरांतल्या मुली अंधार पडायची वाट पाहत होत्या, हे तर आम्हा पुरुषांना फार नंतर कळले. कारण कुणी विचारलेच नव्हते.

इथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. संकटात सापडलेल्या माणसापुढे वही-पेन घेऊन बसणे निर्दयपणाचे, की त्याला न विचारताच देणे?

आपले मन चटकन सांगते, तहानलेल्याला पाणी पाजावे, चौकशी करू नये. आपली परंपराही पाणी पाजणे हा मोठा सदका मानते. पण हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिनेत काय केले ते आठवा. लोकांना रूमाच्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागत होते. त्यांनी ती विहीरच खरेदी करून सर्वांना खुली केली. अडचण कुठे आहे हे आधी ओळखले, मग दान दिले. पाणी नसेल तर नमाजसाठी तयम्मुमची सवलत आहे. हगवण लागलेल्या लेकरासाठी तशी सवलत नाही.

1854 साली लंडनमध्ये कॉलऱ्याने माणसे मरत असताना डॉक्टर जॉन स्नो घरोघर जाऊन विचारत होता, तुम्ही पाणी कुठून आणता? त्या प्रश्नामुळेच ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला गेला. आज मदतकार्यासाठी ‘स्फिअर’ची जागतिक प्रमाणके आहेत: माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, 250 माणसांमागे एक नळ, 20 माणसांमागे एक शौचालय. आकडे उपयोगाचे आहेत, पण आकडा गावाला ओळखत नाही. नेपाळ, इंडोनेशिया, केनिया आणि हैतीतील आपत्तींच्या अभ्यासात दिसले, की पाणी शुद्ध करण्याची साधने वाटली म्हणजे ती नीट वापरली जातातच असे नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत खारट झालेल्या विहिरी पुन:पुन्हा उपसल्या गेल्या. अति उपशाने खारे पाणी उलट आत ओढले जाते, हे नंतर उमगले. आपल्या किनाऱ्यावरच्या विहिरींना हे कितपत लागू पडते? महाडच्या पुरानंतर, 2005 साली आणि पुन्हा 2021 साली, गढूळ पाण्यात क्लोरीन किती पुरले? टँकरच्या रांगेत शेवटी कोण उभे राहते? ज्या जिल्ह्यात 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे हा शेवटचा प्रश्न विसरून चालणार नाही.

म्हणून मला वाटते, पाणी आणि प्रश्न यांत भांडण नाही. क्रमाचा विवेक हवा. घसा कोरडा असताना आधी पाणीच द्यावे. पाण्याच्या बदल्यात उत्तरे मागू नयेत. पण वादळ ओसरल्यावर, पुढचे वादळ येण्याआधी, विचारलेच पाहिजे. बायकांना बायकांनी विचारावे, संमतीने विचारावे, आणि जे कळले ते गावाला परत सांगावे. माहिती घेऊन जायची आणि परत फिरकायचेच नाही, ही अमानत में खयानत आहे.

मुरूडला जंजिऱ्यात गेलात तर भर समुद्रातले गोड्या पाण्याचे दोन तलाव पाहा. वेढा पडल्यावर ते खोदता आले नसते.