गलांड्याचं बी, मुरमाची जमीन

गलांड्याचा एक वाळलेला गोंडा हातात घ्या. माळेतला नको. झाडावरच पूर्ण वाळलेला, पाकळ्या झडलेला, करड्या रंगाचा घ्या. गाजरगवताने ज्यांच्या हाताला खाज सुटते त्यांनी तो फडक्यात धरावा. दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत, आणि काहींच्या कातडीला दोन्ही सोसत नाहीत.

चोळायची घाई करू नका. आधी नुसतं बघा. हा गोंडा उमललेला होता तेव्हा आपण त्याला एक फूल म्हणत होतो. खरं तर ती कितीतरी बारीक फुलांची दाटी होती. कडेची तांबडी-पिवळी फुलं डोळ्यांत भरणारी, पण सहसा वांझ. बी धरलं ते मधल्या काळपट, कुणी लक्ष न दिलेल्या फुलांनी, बाहेरून आत एकेक फेरा उमलत. ज्या रंगासाठी आपण याची माळ दाराला बांधतो, त्या रंगातून पुढचं रोप येत नाही. एवढ्यावर थोडं थांबा. श्वास आपला आपण चालू राहील.

आता अंगठ्याने हलकेच चोळा. तळहातावर बिया उतरतील. बुडाशी दाट मऊ केस, माथ्यावर पातळ कागदी खवले. फुंकर मारू नका, उडतील.

ज्या जालना जिल्ह्यात तुम्ही हे बी हातात धरलं आहे, तो बियाण्यावर उभा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणं कंपनी सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या मागोमाग इथं बियाण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. संकरित बियाण्याने शेतकऱ्याला उत्पन्न दिलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते दर हंगामाला नव्याने विकत आणावं लागतं, कारण घरी धरलेलं पुढं तसंच उतरत नाही. तुमच्या तळहातावरचं बी कुणी विकलेलं नाही. त्यातून आईच्याच रंगाचं फूल येईल असंही नाही. येईल तो रंग येऊ द्या.

हे झाड इथलं नव्हे, उत्तर अमेरिकेतल्या कोरड्या माळांवरचं. जांबला, याच जिल्ह्यात, जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘बागप्रकरण’ या रचनेत झाडाझुडपांची लांबलचक नावं गुंफली. त्यांत गलांडा असणं शक्यच नव्हतं. गेलार्डिया हे शास्त्रीय नाव १७८६ चं, एका फ्रेंच वनस्पतिप्रेमी न्यायाधीशाच्या आडनावावरून पडलेलं. गलांड्याची एक जात वर्षात संपते, दुसरी दोन-तीन वर्षं टिकते. आपल्याला टिकणारी हवी. बाजारात दोघींनाही गलांडाच म्हणतात, म्हणून बाहेरून बी घेतलंत तर ते ‘बहुवर्षायू’ आहे ना, एवढं विचारून घ्या.

पेरायला पाऊस ओसरू द्या. भाद्रपद सरता सरता किंवा अश्विनात गादीवाफा करा, नाहीतर पसरट कुंडी घ्या. माती हलकी हवी: मुरूम, थोडा पोयटा, मूठभर कुजलेलं शेणखत. बी वर भुरभुरा आणि तळहाताने नुसतं दाबा. पुरू नका. याला उगवायला उजेड लागतो. पेरणं म्हणजे झाकणं, ही आपल्या हाताची सवय इथं आवरावी लागते. झारीने हलकं पाणी द्या आणि उठा.

आठ-पंधरा दिवसांत हिरवे ठिपके दिसतील. मग बरेच दिवस फारसं काही दिसणार नाही. मनन खरं इथं सुरू होतं. रोप वाढत नाही असं वाटेल, आणि हात झारीकडे जाईल. तो जाताना पाहा. ही काळजी रोपाची आहे की आपल्या अधीरपणाची? उत्तर लगेच देऊ नका. त्याऐवजी बोट मातीत दोन पेरं घाला. खाली ओल असेल तर परत फिरा. पानं केसाळ आहेत, पाणी जपतात. मूळ ओलीच्या शोधात खाली उतरतं आहे, आणि वर रोज भिजवत राहिलात तर त्याला उतरायचं कारण उरत नाही. गलांडा तहानेने मरतो त्यापेक्षा साचलेल्या पाण्यात कुजून जास्त मरतो. काळ्या भारी जमिनीत, वाफसा येण्याची वाट न बघता पाणी दिलं तर हमखास. म्हणून ज्या मुरमाड तुकड्याला घरात सगळे नावं ठेवतात, तिथं हे रोप लावा.

रोपाचं असं, माणसांचं वेगळं. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी हाताने लावलेली झाडं हाताने तोडली. ते आठवलं की ‘कमी पाण्यात जगा’ हा उपदेश तोंडातच राहतो. शेतकऱ्याला दुष्काळ सोसायला शिकवण्याची गरज नाही. जालन्याजवळच्या कडवंची गावाने आधी पाणलोटाचं काम केलं, पाऊस मातीत मुरवला, शेततळी केली. द्राक्षबागा फोफावल्या त्या नंतर. आधी खालची सोय, मग वरचा बहर, हा क्रम माणसांनीही पाळून दाखवला आहे.

बांधावर कंबरमोडी दिसली तर तिच्याकडेही क्षणभर बघा. तीही याच कुळातली, तीही अमेरिकेतून आलेली, वर्षानुवर्षं टिकणारी. तिला कुणी पेरत नाही, उलट खुरपून काढतात. आणि विळा लागला की तिचाच पाला चोळून जखमेवर लावतात.

चार-सहा आठवड्यांनी रोपांना चार-पाच पानं आली की दीड-दोन फुटांवर लावा. पहिले काही दिवस पाणी द्या, मग हळूहळू अंतर वाढवा. बहुवर्षायू असलं तरी हे झाड दोन-तीन वर्षांत थकतं, तेव्हा खत-पाणी वाढवून त्याला ओढत नेऊ नका. दर अश्विनात चार नवी रोपं करून ठेवा.