श्रम दिसू नयेत म्हणून

सहा मीटर लांब साटिनची रिबन, वजन जेमतेम 35 ग्रॅम, आणि ती फिरवायला हातभर लांबीची बारीक काठी. या रिबनचा स्वभाव असा की ती थांबली की पडते. मनगट जरा मंदावलं की तिचं शेपूट जमिनीवर लोळायला लागतं आणि परीक्षकांना ते लगेच दिसतं. हॉलमधल्या एसीचा झोत तिला भरकटवतो. मध्येच गाठ पडली तर सगळा डाव तिथेच विस्कटतो. 13 बाय 13 मीटरच्या चौकोनात सव्वा ते दीड मिनिट रिदमिक जिम्नॅस्टिक्स खेळणारी मुलगी एका पायाच्या चवड्यावर गिरक्या घेते, पाठीची कमान करते, दुसरा पाय डोक्याच्या वर नेते, आणि हे सगळं करताना मनगट एक क्षणभरही सैल सोडत नाही. पाहणाऱ्याला मात्र वाटतं की रिबन आपली आपणच नाचते आहे. तसं वाटायलाच हवं, ही या खेळाची अट आहे.

पुरुष जिम्नॅस्ट रिंग्जवर लटकून दोन्ही हात आडवे पसरतो तेव्हा त्याचे दंड थरथरतात, मानेच्या शिरा फुगतात, चेहरा लाल होतो. प्रेक्षक त्या थरथरण्यालाच दाद देतात. रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये असं थरथरलं की गुण गेले. ताकद तिथेही लागते, बरीच लागते, पण ती दिसता कामा नये. स्त्रीने व्यायाम करावा, पण करताना घाम दिसू नये, ही अपेक्षा या खेळाच्या पायातच घातलेली आहे. या खेळाचं सौंदर्य आणि त्याचं क्रौर्य दोन्ही तिथूनच आलं असं मला वाटतं.

त्या पायाचा एक दगड आपल्याकडचा आहे. रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये क्लब्ज नावाचं एक साधन असतं, बाटलीच्या आकाराच्या दोन छोट्या गदांसारखं. त्यांचं मूळ हिंदुस्थानातल्या तालमीत आहे. पैलवान फिरवायचे ते मुद्गल, ती जोडी, इथे आलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पाहिली, आपल्या पलटणींना शिकवली आणि मायदेशी नेली. लंडनमध्ये डोनाल्ड वॉकर नावाच्या लेखकाने 1834 साली पुरुषांच्या व्यायामावर पुस्तक लिहिलं, त्यात हे ‘इंडियन क्लब’ आले. दोनच वर्षांनी त्याने स्त्रियांच्या व्यायामावर दुसरं पुस्तक काढलं. त्यात हेच साधन आलं, पण बारीक, हलकं, राजदंडासारखं होऊन. त्या पुस्तकाच्या लांबलचक नावातच सांगून टाकलं होतं की हे व्यायाम सौंदर्य टिकवण्यासाठी आणि वाढवण्यासाठी आहेत. पुरुषाने बळ कमवायचं आणि बाईने रूप राखायचं, ही वाटणी तेव्हाच झाली. पुढे 1904 आणि 1932 च्या ऑलिम्पिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धा होती, ती पुरुषांची. त्यानंतर ते साधन ऑलिम्पिकमधल्या पुरुषांच्या हातातून गेलं आणि शेवटी स्त्रियांच्या हाती राहिलं. आज एका क्लबचं वजन 150 ग्रॅम असतं. तालमीतली जोडी किलोंमध्ये मोजतात. पण हलकं म्हणजे सोपं असं समजू नये. दोन्ही क्लब हवेत उंच फेकायचे, ते वर असताना त्यांच्याकडे पाठ करून किमान दोन फेऱ्या घ्यायच्या, आणि ते खाली येतील तिथे बरोबर हजर राहायचं. कधी ते न बघता झेलायचे, कधी हाताऐवजी पायाने. आता ठाण्या-मुंबईच्या मुलीही हे करतात. ठाण्याच्या संयुक्ता काळेने 2022 ला पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत 5 सुवर्णपदकं मिळवली. तालमीतून निघालेली वस्तू युरोपभर फिरून, हलकी होऊन, आपल्याच मुलींच्या हातात परत आली आहे.

एकोणिसाव्या शतकात स्त्रियांसाठी व्यायाम मागणारी माणसं वाईट हेतूची नव्हती, हे सांगायलाच हवं. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी 1813 साली स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली आणि शरीराच्या हालचालीतून भाव व्यक्त करण्यालाही आपल्या पद्धतीत जागा दिली. अमेरिकेत कॅथरीन बीचर यांनी 1823 ला हार्टफर्डमध्ये मुलींची शाळा सुरू केली. बरगड्या आवळणाऱ्या कॉर्सेटमध्ये मुलींचा श्वास कोंडतो, हे त्या निक्षून सांगत होत्या, आणि मुलींना संगीताच्या साथीने व्यायाम करायला लावत होत्या. त्या काळी हेही धाडसच होतं. पण ते धाडस समाजाच्या गळी उतरवायचं तर व्यायाम नाजूक दिसणं भाग होतं. म्हणून जी परवानगी मिळाली, तिच्यात अट आली.

मग जिनिव्हाच्या संगीत विद्यालयातले एमिल जाक-दालक्रोझ आले. त्यांचे विद्यार्थी स्वरलेखन बिनचूक वाचायचे, पण ताल त्यांच्या अंगात उतरलेला नसे. दालक्रोझ यांनी त्यांना बाकावरून उठवलं आणि तालावर चालायला, थांबायला, हात हलवायला लावलं. 1911 साली जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या हेलेराउ या वसाहतीत त्यांच्यासाठी खास वास्तू उभी राहिली, आणि तिथे मुली सैल अंगरख्यात, अनवाणी पायांनी तालाचे धडे गिरवू लागल्या. त्याच सुमारास इझाडोरा डंकन रंगमंचावर बॅलेचे बूट आणि कॉर्सेट दोन्ही टाकून नाचत होती. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोकळा काळ. कुणी गुण देत नव्हतं, कुणी कुणाला हरवत नव्हतं. दालक्रोझ यांचे शिष्य रुडॉल्फ बोडे यांना तेवढीही शिस्त जाचली. शरीर संगीताच्या मात्रा मोजत बसतं, त्याला स्वतःची लय हवी, असं म्हणत त्यांनी म्युनिकमध्ये स्वतःची शाळा काढली. बोडे यांच्या वाटेने गेलेल्या हिनरिश मेडाउ यांनी 1929 ला बर्लिनमध्ये शाळा उघडली आणि चेंडू, हूप, क्लब ही साधनं मुलींच्या हातात दिली. चेंडू हातात नुसता धरून ठेवायचा नाही, तो तळव्यावरून, दंडावरून, छातीवरून घरंगळत गेला पाहिजे, ही दृष्टी या जर्मन शाळांची.

पण याच जर्मनीत ही मोकळीक किती लवकर ताब्यात घेता येते हेही दिसलं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या पहिल्या रात्री स्टेडियममध्ये हजारो तरुण-तरुणींचा भव्य प्रयोग झाला. त्यात नर्तकी मेरी विगमन होत्या, ज्या एके काळी हेलेराउला शिकल्या होत्या. जेमतेम दीड महिन्यापूर्वी प्रचारमंत्री गोबेल्सने रुडॉल्फ लाबान यांची नृत्यरचना रंगीत तालमीनंतर बंद पाडली होती. म्हणजे देह कसा हलावा हे आता मंत्री ठरवणार. 1938 पासून नात्सींनी तरुण मुलींसाठी जी संघटना चालवली, तिच्या नावातच श्रद्धेबरोबर सौंदर्य हा शब्द होता, आणि तिच्या कार्यक्रमांत हूप आणि चेंडू घेऊन एकसारख्या हलणाऱ्या मुलींच्या रांगा होत्या. शंभर मुलींचे हात एकाच क्षणी वर जातात तेव्हा अंगावर काटा येतो. तो आनंदाचा की भीतीचा, हे मला प्रत्येक वेळी थांबून तपासावं लागतं.

या सगळ्याचा खेळ झाला तो सोव्हिएत रशियात. लेनिनग्राडच्या लेसगाफ्त संस्थेत 1934 साली कलात्मक हालचालींचं उच्च विद्यालय सुरू झालं. तिथे कुणी दालक्रोझच्या परंपरेतून आलेलं होतं, कुणी डंकनच्या, कुणी देहाच्या हावभावांचा अभ्यास करणाऱ्या फ्रान्सच्या देलसार्तच्या. या वेगवेगळ्या प्रवाहांचं मिश्रण करून त्यांनी शिकवता येईल, मोजता येईल अशी पद्धत बसवली. 1941 च्या वसंतात लेनिनग्राडमध्ये पहिली स्पर्धाही झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात शहराला वेढा पडला. युद्ध संपल्यावर खेळ पुन्हा उभा राहिला आणि स्पर्धा देशभर पसरल्या.

इथे मला ऑलिम्पिकच्या इतिहासातला एक विसरलेला तुकडा सांगायचा आहे. 1952 ला हेलसिंकीत आणि 1956 ला मेलबर्नमध्ये स्त्रियांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये हातातली साधनं घेऊन संघाने करायचा एक प्रकार होता. पहिल्यांदा तो स्वीडनने जिंकला, दुसऱ्यांदा हंगेरीने, आणि नंतर तो बंद झाला. हंगेरीच्या त्या संघात आग्नेश केलेती होत्या. त्या ज्यू होत्या. युद्धात त्यांचे वडील आउश्वित्झमध्ये मारले गेले, त्या स्वतः दुसऱ्या बाईच्या कागदपत्रांवर मोलकरीण म्हणून राहून वाचल्या. मेलबर्नला त्यांनी 4 सुवर्णपदकं जिंकली, त्यातलं एक या प्रकारातलं. तेव्हा त्यांचं वय 35 होतं. पस्तिशीतली बाई, युद्ध भोगलेली, संगीताच्या तालावर साधन हाती घेऊन सुवर्णपदक जिंकते, यात त्या काळी कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पुढचं चित्र झपाट्याने बदललं. डिसेंबर 1963 मध्ये बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती सोव्हिएत संघाच्या लुडमिला साविन्कोवाने जिंकली. 1967 पासून संघांचीही स्पर्धा आली. बल्गेरियाच्या मारिया गिगोवाने 1969, 1971 आणि 1973 अशी लागोपाठ तीनदा विश्वविजेतेपदावर मोहोर उमटवली, आणि 1974 पासून पंचवीस वर्षं नेश्का रोबेवा यांनी त्या छोट्या देशात एकामागून एक विजेत्या घडवल्या. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये हा खेळ ऑलिम्पिकमध्ये शिरला. पण त्या वर्षी सोव्हिएत गटाचा बहिष्कार होता, त्यामुळे बल्गेरियाच्या आणि सोव्हिएत संघाच्या मुली घरीच राहिल्या आणि पहिलं सुवर्णपदक कॅनडाच्या लोरी फंगने नेलं. चार वर्षांनी सोलमध्ये सगळ्या जमल्या तेव्हा सोव्हिएत संघाच्या मारिना लोबाचला 60 पैकी 60 गुण मिळाले. बल्गेरियाची आद्रियाना दुनाव्स्का 59.950 वर दुसरी आली. म्हणजे मोजमाप करता करता ते इतकं पूर्णत्वाला पोचलं की दोन माणसांतला फरक एका गुणाच्या विसाव्या भागात शोधावा लागला. दालक्रोझ यांनी बाकावरून उठवलेल्या त्या विद्यार्थ्यांपासून आपण इथवर आलो.

श्रम लपवणं ही काही वाईट गोष्ट नाही. मुरलेल्या गवयाची तान कष्टाची वाटत नाही, तेव्हाच ती खरी वाटते. पण गवयाला आपण पन्नाशीपर्यंत पिकू देतो. त्याच्या अंगावर किती मांस आहे हे कुणी पाहत नाही. रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये श्रम लपवण्याच्या अटीला शरीर लपवण्याची अट येऊन चिकटली. हलकी हालचाल हवी म्हणून हलका देह हवा, हलका देह हवा म्हणून कोवळं वय हवं. 2022 साली इटलीच्या राष्ट्रीय संघातल्या माजी खेळाडू पुढे आल्या आणि मिलानजवळच्या प्रशिक्षण केंद्रात रोज वजन कसं केलं जायचं, त्यावरून कसे अपमान व्हायचे, हे त्यांनी उघड सांगितलं. मार्ता प्रुस या पोलिश दिग्दर्शिकेचा 2017 चा माहितीपट ‘ओव्हर द लिमिट’ पाहिला तर रिओत सुवर्ण जिंकणारी मार्गारिता मामून सरावात काय काय ऐकून घेत होती ते कळतं. घरी वडील कर्करोगाने आजारी, आणि इथे प्रशिक्षिकांचे शब्द हंटरसारखे. ती रडते, डोळे पुसते, पुन्हा हूप उचलते. चौकोनात उतरल्यावर यातलं काहीही चेहऱ्यावर येऊ द्यायचं नसतं.

2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अलिना काबाएवाचा हूप चौकोनाबाहेर घरंगळत गेला आणि ती त्याच्यामागे धावली. सुवर्ण तिचंच धरलं जात होतं, मिळालं कांस्य. इतक्या वर्षांच्या चित्रफितींमध्ये मला हा क्षण सगळ्यात माणसासारखा वाटतो. ती धाव नियमात बसत नव्हती, संगीतातही बसत नव्हती.

हा खेळ स्त्रियांच्या देहालाच साजेसा आहे, असं म्हणणाऱ्यांनी जपान पाहावा. तिथे विद्यापीठांतले तरुण रिदमिक जिम्नॅस्टिक्स करतात, संघात साधनांशिवाय, एकेकटे काठी आणि क्लब घेऊन, कोलांट्या मारत, आणि तेही तितकंच तालबद्ध दिसतं. आंतरराष्ट्रीय महासंघाने अजून त्याला मान्यता दिलेली नाही. माझ्या मते ती द्यायला हवी, म्हणजे लालित्य ही केवळ बाईची जबाबदारी उरणार नाही.

आणि वयाचं काय? आज मुलगी सोळाव्या वर्षी वरिष्ठ गटात खेळू लागते, म्हणजे तिची तयारी सहा-सात वर्षांची असताना सुरू झालेली असते. ही अट अठरावर नेली आणि वजनकाटा प्रशिक्षकाकडून काढून डॉक्टरच्या खोलीत ठेवला, तर खेळाचं काहीही बिघडणार नाही. पॅरिसमध्ये 2024 ला दार्या वारफोलोमेएव्ह सतराव्या वर्षी सुवर्ण जिंकली, ते देखणंच होतं. पण तिच्या शेजारी रौप्यपदक घेऊन बल्गेरियाची बोर्याना कालेन उभी होती, 23 वर्षांची. तिच्या खेळात जो ठहराव होता, संगीताचं जे ऐकणं होतं, ते सतराव्या वर्षी येत नाही. या खेळात तेविशी म्हणजे उतारवय धरतात. केलेती यांनी 35 व्या वर्षी जे केलं ते एखाद्या तिशीतल्या खेळाडूला 2028 च्या लॉस एंजेलिसमध्ये करू द्यायचं, तर गुणांच्या तक्त्यात मऊ सांध्यांइतकंच मोल पिकलेल्या कानाला द्यावं लागेल. नियमावली दर ऑलिम्पिकनंतर पुन्हा लिहिली जाते. हे लिहायलाही तिथे जागा आहे.