बंधन आणि सामर्थ्य

बंधन सामर्थ्याचा सर्वथा नाशच करते काय, हा मोक्षविचाराइतका पुरातन प्रश्न रसायनशास्त्राच्या एका प्रयोगाने नव्याने उभा केला आहे. १९६९ साली जपानमधील तानाबे सेइयाकू या औषधकंपनीत इचिरो चिबाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनोॲसिलेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, डेक्स्ट्रान या नैसर्गिक बहुवारिकापासून सिद्ध केलेल्या कणांवर विद्युत्भाराच्या आकर्षणाने जखडले आणि अमिनो आम्लांच्या उत्पादनास जुंपले. द्रावणात मोकाट फिरणारे विकर काम आटोपताच मालाबरोबर वाहून जाते. अशा कणांनी भरलेल्या स्तंभात स्थिरावलेले मात्र, भोवतून द्रव अखंड वाहत असता, दीर्घ मुदतीपर्यंत आपली कामगिरी बजावीत राहते. तथापि एवढ्यावरून प्रत्येक शृंखलेस पुण्यप्रद ठरविणे हा घोर अविचार होय. कारण बंध जर विकराच्या क्रियाशील केंद्रावरच पडला, किंवा त्याच्या रचनेची स्वाभाविक लवचिकता हिरावून घेण्याइतका दृढ झाला, तर आधार उरतो आणि क्रिया लोपते. म्हणून संप्रदाय असो वा विवाह, कोणत्याही बंधनाची परीक्षा त्याच्या कठोरतेवरून न करता, ते मनुष्याच्या स्वधर्माचे केंद्र मोकळे ठेवते की नाही, या एकाच कसोटीवर करावी, असे माझे निश्चित मत आहे.