खाडीच्या वाटेला सातबारा नाही

27 फेब्रुवारी 2015 रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने कोळ्यांच्या बाजूने एक मोठा आदेश दिला. उरण, हनुमान, बेलपाडा आणि पनवेल तालुक्यातला गव्हाण, अशा चार कोळीवाड्यांतल्या 1630 कुटुंबांना प्रत्येकी 5 लाख 84 हजार, म्हणजे सुमारे 95 कोटी 19 लाख रुपये जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांनी द्यावेत, असं लवादाने सांगितलं. जेएनपीटी बंदराच्या भरावामुळे होड्यांची ये-जा अडली, खारफुटी गेली, भरतीचं पाणी पूर्वीसारखं फिरेनासं झालं, अशी कोळ्यांची तक्रार होती.

आदेश न्यायाचाच होता. पण तो मिळेपर्यंत नुकसान होऊन गेलं होतं, आणि ते आधीच रोखता येईल असं एकही कागदपत्र कोळ्यांच्या हाती नव्हतं.

याच पट्ट्यात जमिनीची लढाई वेगळ्या वाटेने गेली. जानेवारी 1984 मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व मान्य झालं. त्या हिशेबाला आधार होता संपादित क्षेत्राचा: किती गुंठे गेले, कोणाच्या नावावरचे गेले. ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या आणि निवटे धरणाऱ्या बाईची वाट कोणत्या गटात मोजायची? बांधावरून, खारफुटीच्या फटीतून, पाण्यापर्यंत. पिढ्यान् पिढ्या वापरातली, पण गावनकाशावर बहुधा नसलेली.

कायदा या वाटेकडे पाठ फिरवतो असं नाही, पण तो अर्ध्यावर थांबतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 नुसार भरतीरेषेखालचा खाडीचा तळ सरकारचा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातली वहिवाट जमिनीला चिकटलेली असते; ज्याची जमीनच नाही त्याला रूढी सिद्ध करायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. शेताची वाट कोणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं, तेही सहा महिन्यांच्या आत. खाडीची वाट मात्र सहसा कोणी आडदांड शेजारी अडवत नाही. ती अडते रीतसर मंजुरी असलेल्या भिंतीने.

सागरी किनारा नियमनाच्या 1991 च्या अधिसूचनेने दोन किनारी हॉटेलांमध्ये लोकांना समुद्राकडे जायला किमान 20 मीटरची मोकळी जागा ठेवायला सांगितलं होतं. पर्यटकासाठी ही तजवीज झाली, हे चांगलंच. 2011 च्या अधिसूचनेने मासेमार गावं, त्यांच्या सामाईक जागा, मासळी वाळवायच्या जागा नकाशावर दाखवायला सांगितल्या. इथे आणखी एक पाऊल हवं होतं: त्या जागांपर्यंत जाणारी पायवाट आणि होडीचा ओहोटीतला मार्ग.

हे अशक्य मुळीच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 1949 च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. एकदा त्यात वाट आली की तिच्यावरचा लोकांचा हक्क निर्णायक ठरतो. 2009 च्या कायद्याने किनाऱ्याने चालायची सलग वाट आखायचं काम हाती घेतलं. महाराष्ट्रातही 2025 साली शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय झालाच आहे. शेतकऱ्याच्या रस्त्याला जी नोंद मिळते ती कोळ्याच्या वाटेला का नाकारायची?

बंदराला सुरक्षा लागते, खारफुटीलाही लागते; 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या नाशाबद्दल कडक आदेश दिले ते योग्यच होते. तरीही कुंपणाला फाटक ठेवता येतं आणि ते कुठे असावं हे कोळीवाड्यालाच ठाऊक असतं. म्हणून नोंदीची सुरुवात ग्रामसभेत, जुन्या नाखव्यांना आणि टोपली घेऊन उतरणाऱ्या बायकांना सोबत घेऊन, भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळी शिवारफेरी काढून व्हायला हवी. नोंदलेली वाट बंद करायची असेल तर पर्यायी वाट आधी तयार करून दाखवायची, भराव त्यानंतर, अशी अट पर्यावरण मंजुरीतच घालावी. नवी मुंबईचा विमानतळ आणि अटल सेतूमुळे उलवे-गव्हाणच्या जमिनीवर आता सगळ्यांचा डोळा आहे. ही मोजणी आणखी दहा वर्षांनी करायची ठरली, तर वाट दाखवणारे नाखवे उरणार नाहीत.