शस्त्र आणि निर्वैरता

अमेरिकन धनपती जे. पी. मॉर्गन यांची ‘कॉर्सेअर’ ही विलासनौका १८९८ च्या एप्रिलात स्पेनविरुद्धच्या युद्धासाठी सरकारने खरेदी केली, तिजवर सहा पौंडी तोफा चढविल्या आणि ‘ग्लॉस्टर’ या नावाने आरमाराच्या दप्तरी तिची नोंद केली. तिचा कप्तान रिचर्ड वेनराइट हा हवाना बंदरात स्फोटाने बुडालेल्या ‘मेन’ या युद्धनौकेवरचा दुय्यम अधिकारी. त्या स्फोटाचा ठपका अमेरिकेत स्पेनवर ठेवला गेला होता, म्हणून सूडाला त्याच्यापाशी सबब होती.

३ जुलै रोजी सांतियागो दे क्यूबापाशी या चिलखतहीन नौकेने ‘फ्युरोर’ व ‘प्लुतोन’ या स्पॅनिश विनाशिकांवर जवळून भडिमार केला. आणि त्या निकामी होताच त्याच खलाशांनी होड्या सोडून, पेटलेल्या जहाजांवर दारूगोळा फुटत असताना, शत्रूची माणसे वाचविली. पराभूत स्पॅनिश ॲडमिरल सेर्वेरा ओल्या वस्त्रांनिशी नौकेवर आला, तेव्हा वेनराइटने त्याचे सन्मानपूर्वक स्वागत केले.

रावणवधानंतर रामाने वैर संपल्याचे सांगून बिभीषणास अंत्यसंस्काराची आज्ञा दिली. परंतु तेथे मृत्यूने वैर मिटविले होते, येथे शत्रू जिवंत होता. मग ते वैर तोफ थांबताच मावळले, की तोफ चालू असतानाही अंतःकरणात नव्हतेच? गीतेतील निर्वैरता युद्धभूमीवरच उपदेशिलेली आहे, हे ध्यानी घेता दुसरा पक्ष मला ग्राह्य वाटतो. तथापि कर्त्याचे चित्त शुद्ध असल्याने मृताचा घाव हलका होत नाही, ही शंका मला टाळता येत नाही. वेनराइटच्या जीवरक्षणास मी निःसंकोच धर्म म्हणतो. ‘फ्युरोर’वरील मृतांसमोर तोच शब्द उच्चारण्यास माझे मन धजत नाही.