पडद्यावरचे शरीर आणि प्रमाणांचा प्रश्न

मानवी शरीराची रचना आणि क्रिया ऑनलाइन व्हिडिओंतून शिकणारा विद्यार्थी नेमके काय पाहतो, हा प्रश्न वरवर तंत्रज्ञानाचा वाटतो. मुळात तो प्रमाणशास्त्राचा आहे. हृदयाच्या झडपा उघडताना-मिटताना डोळ्यांना दिसतात, म्हणून ते ज्ञान प्रत्यक्ष समजायचे, की जाणकाराने सांगितले आणि आपण मानले, एवढाच त्याचा अर्थ? ज्ञान कशाने होते आणि कोणत्या ज्ञानावर किती भिस्त ठेवावी, याची बारीक छाननी भारतीय दर्शनांनी केली. पडदा त्यांच्यासमोर नव्हता, तरी ती छाननी येथे उपयोगी पडते.

खडकवासल्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न पुस्तकात राहत नाही. २०२१ साली पुणे महापालिकेत आलेल्या या धरणकाठच्या गावातला ‘नीट’ची तयारी करणारा मुलगा, नर्सिंगची विद्यार्थिनी किंवा योगशिक्षिका होऊ पाहणारी गृहिणी मोबाइलवर मूत्रपिंडाचे काम अर्ध्या तासात समजून घेऊ शकते. शवविच्छेदनगृहे मात्र नऱ्ह्यात, धनकवडीत, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात किंवा वानवडीच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात, आणि तीही प्रवेश मिळालेल्यांनाच खुली. २०२०च्या टाळेबंदीत तर प्रवेश मिळालेल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनाही घरी बसून पडद्यावरच शरीर शिकावे लागले. तोवर पूरक समजले जाणारे साधन काही महिने एकमेव साधन झाले.

शरीर पाहूनच शिकावे हा आग्रह आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील पाचव्या अध्यायात मृतदेह तपासण्याची रीत दिली आहे. विषाने किंवा दीर्घ रोगाने न मेलेल्या, फार वृद्ध नसलेल्या माणसाचा देह घ्यावा, आतड्यांतील मळ काढावा, देह मुंज, कुश, ताग अशा कशाने तरी गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावा आणि एकांत जागी वाहत्या पाण्यात सोडावा. सात रात्रींनंतर, तो पुरता कुजला की, वाळा, केस किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक भाग डोळ्यांनी पाहावा. शस्त्राने कापण्याऐवजी कुजवून सोलण्याची ही रीत आहे, आणि मृतदेहाच्या स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्या समाजात ती लिहून ठेवली गेली, हे विशेष. शास्त्रातून कळलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले एकत्र आले की ज्ञान वाढते, असे सुश्रुताचे म्हणणे. दोन्हींपैकी एकावर भागवण्याची मुभा तो देत नाही.

पुढे ही परंपरा क्षीण झाली आणि ग्रंथ उरले. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले, ते स्वतः आयुर्वेदाचे पंडित होते. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि भाऊ दाजी लाड त्याच्या पहिल्या तुकडीत होते. युरोपात वेगळ्या वाटेने ग्रंथच उरण्याची तीच गत पूर्वी झाली होती. प्राध्यापक उंच आसनावरून गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचा ग्रंथ वाचणार, खाली न्हावी देह कापणार आणि विद्यार्थी दुरून बघणार. जाणणारा हात लावत नाही आणि हात लावणारा जाणत नाही, या प्रकारावर शरीररचनातज्ज्ञ व्हेसेलियसने कडक टीका केली आणि १५४३ साली स्वतःच्या हाताने उघडून पाहिलेल्या शरीराचा ग्रंथ छापला. गेलेनने जनावरांच्या शरीरावरून माणसाबद्दल लिहिलेल्या चुका तेराशे वर्षे टिकल्या, कारण पाहणाऱ्यांना आधी वाचलेलेच दिसत होते.

न्यायसूत्रांनी चार प्रमाणे मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंद्रिय आणि विषय यांच्या संयोगातून उपजते ते प्रत्यक्ष; आप्ताचा, म्हणजे विश्वासू जाणकाराचा उपदेश तो शब्द. या कसोटीवर व्हिडिओतल्या चलचित्राचे काय होते? डोळ्याचा संयोग पडद्याशी आहे, हृदयाशी नाही. प्रत्यक्ष आहे ते चित्र. हृदयाविषयीचे ज्ञान चित्र काढणाऱ्याच्या शब्दावर उभे आहे. हा भेद शब्दच्छल वाटू नये म्हणून रंगांचे उदाहरण पुरे. चलचित्रात धमन्या लाल, नीला निळ्या, चेता पिवळ्या आणि लसीकावाहिन्या हिरव्या असतात. प्रत्यक्ष देहात नीलांमधले रक्त निळे नसते, गडद लाल असते. फुप्फुसधमनी धमनी असूनही चित्रात निळी रंगवतात, कारण तिच्यातून प्राणवायू कमी असलेले रक्त वाहते. रंग ही एक सांकेतिक लिपी आहे. ती लिपी आहे हे विद्यार्थ्याला कोणी सांगितले नाही, तर तो वाचतो आहे हे विसरून पाहतो आहे असे समजतो. पुस्तकात हा धोका कमी, कारण पुस्तक आपण शब्द आहोत हे लपवत नाही. व्हिडिओ प्रत्यक्षाचा वेश घेऊन येतो.

शिवाय पडद्याशी दोनच इंद्रियांचा व्यवहार होतो. चरकाने विमानस्थानात वैद्याला चव सोडून बाकी सर्व इंद्रियांनी रोगी तपासायला सांगितले आहे. चवीचे मात्र अनुमान करावे, जसे अंगावर माश्या बसू लागल्या की शरीराच्या गोडव्याचे. यकृत हाताला किती घट्ट लागते, कंडरा ओढली की कोणते बोट हलते, फॉर्मालीनचा वास डोळ्यांत कसा झोंबतो, हे पडद्यावरून कळण्याला मार्ग नाही.

तरीही व्हिडिओला नुसता शब्द म्हणून बाजूला सारणे चूक ठरेल. त्याची खरी जागा उपमानात आहे. नैयायिकांचे ठरलेले उदाहरण असे: गावातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नसतो. रानात राहणारा कोणी त्याला सांगतो, गवय गाईसारखा दिसतो. पुढे रानात तसा प्राणी समोर आला की त्याला ऐकलेले आठवते आणि हाच तो गवय, हे कळते. उपमानाचे दोन भाग झाले, सांगितलेले साम्य आणि रानातली भेट. पहिल्या भागाशिवाय प्राणी दिसूनही ओळख पटत नाही. दुसऱ्याशिवाय साम्य डोक्यात नुसते पडून राहते. चांगला व्हिडिओ पहिला भाग उत्तम पार पाडतो, व्याख्यानापेक्षा आणि छापील आकृतीपेक्षाही सरस, कारण शरीरक्रिया मुळात हालचाल आहे आणि कागद हलत नाही. मृतदेहसुद्धा हलत नाही, हे विच्छेदनाच्या कैवाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. ठोके देणारे हृदय विच्छेदनाच्या टेबलावर कोणीच पाहत नाही.

प्रतिकृतीवर किती विसंबावे, हा खडकवासल्यात रोजच्या कामाचा प्रश्न आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या आणि येथे असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नद्या, धरणे आणि बंदरे यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडले जाते. आता संगणकावरची गणिती प्रारूपेही वापरतात. प्रतिकृतीविद्येचा एक नियम आहे. नदीत पूर्वी मोजलेली पातळी आणि वेग प्रतिकृतीत तसेच उमटतात का, हे आधी पडताळायचे. उमटले तरच न घडलेल्या पुराबद्दल तिचे म्हणणे ऐकायचे. पाण्याचे आणि रक्ताचे शास्त्र एकमेकांना परके नाही. नळीतल्या प्रवाहाचा प्रसिद्ध नियम देणारा प्वाझय हा फ्रेंच वैद्य होता आणि त्याचे कुतूहल रक्तप्रवाहाचे होते. त्या नियमाप्रमाणे नळीची त्रिज्या निम्मी झाली, बाकी सारे तसेच राहिले, तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. हे गणित व्हिडिओ दोन मिनिटांत पटवतो. पडताळा मात्र बाहेरच घ्यावा लागतो.

शरीरक्रियेच्या बाबतीत ते बाहेरचे रान प्रत्येकाजवळ आहे. मनगटावर तीन बोटे ठेवून सावकाश खोल श्वास घेतला, तर विशेषतः तरुण माणसाची नाडी श्वास घेताना किंचित जलद आणि सोडताना मंद होते. चलचित्रात व्हेगस चेता हृदयाला आवर घालताना दाखवतात, त्याची ही बोटांना लागणारी खूण. रचनेतही असे थोडेफार जमते. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट आत वाकवले की बहुतेकांच्या मनगटाच्या मध्यावर एक कंडरा वर उठते; काहींना ती नसतेच, आणि नसल्याने त्यांचे काही अडत नाही. व्हिडिओ असा फरक क्वचित दाखवतो. न्यायाच्या भाषेत तो सामान्य शिकवतो, व्यक्ती नाही. शस्त्रक्रिया मात्र व्यक्तीवर होते. यकृताच्या धमनीचा फाटा नेहमीच्या जागी नसलेला रोगी शल्यविशारदाला केव्हाही भेटतो. म्हणून जो पुढे दुसऱ्याच्या देहाला शस्त्र लावणार आहे, त्याला खरा देह टाळून चालणार नाही. योगशिक्षिकेला किंवा बारावीच्या मुलाला तो नाही मिळाला तरी चालेल, स्वतःचे शरीर पडताळ्याला घेतले म्हणजे झाले.

योगाच्या व्हिडिओंत मात्र वेगळाच घोळ आहे. पाठीच्या कण्यावर सात रंगीत चक्रे काढायची, शेजारी चेताजालांची नावे लिहायची आणि दोन्ही एकच असल्याचे सांगायचे, ही रीत रूढ झाली आहे. तिचा एक जुना परीक्षक होऊन गेला. स्वामी दयानंद सरस्वती, ज्यांनी १८७५ साली न्यायमूर्ती रानडे आदींच्या पुढाकाराने पुण्यात व्याख्याने दिली, त्यांनी आत्मकथनात एक प्रसंग सांगितला आहे. गंगेतून वाहत आलेले प्रेत त्यांनी काठावर ओढले, चाकूने उघडले आणि हठयोगाच्या ग्रंथांतल्या वर्णनाशी ताडून पाहिले. वर्णन जुळले नाही, तेव्हा त्यांनी ते ग्रंथ फाडून प्रेताबरोबर नदीत सोडले.

यावर परंपरेचे उत्तर सुश्रुताच्याच त्या अध्यायात आहे. देहातले अतिसूक्ष्म तत्त्व चर्मचक्षूंना दिसत नाही, ते ज्ञानाच्या आणि तपाच्या दृष्टीला दिसते, असे विच्छेदनाची रीत सांगतानाच त्याने बजावले. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे सहावे प्रमाण मानतात, पण अटीवर: जी वस्तू असती तर दिसलीच असती, तीच न दिसल्याने नाही ठरते. चक्र दिसण्याजोगी वस्तू नाही असे म्हणणाऱ्यावर दयानंदांचा चाकू चालत नाही. पण मग त्याने ते कण्यावर रंगवूही नये. रंगवणाऱ्याने ते दिसण्याजोगे मानले. त्याने दयानंदांची परीक्षा स्वीकारली आणि तो तीत नापास झाला. मुंबईच्या डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ साली कुंडलिनी म्हणजे व्हेगस चेता असे पुस्तक लिहून मांडले होते; मांडणी हुशारीची होती, तरी अडचण हीच. त्यापेक्षा स्वामी कुवलयानंदांचा मार्ग स्वच्छ होता. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावले, आणि नौली या पोटाच्या योगक्रियेत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो हे मोजून दाखवले. मोजण्याजोगे होते ते मोजले. योगाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी हा कित्ता गिरवायला हरकत नाही.

धर्मविचाराच्या अंगाने आणखी एक बदल घडला आहे, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. संतांनी आणि श्रमणांनी शरीराचे अवयव मोजले ते वैराग्यासाठी. बौद्ध भिक्षू केस, नखे, दात, त्वचा असे करत बत्तीस भागांचे चिंतन करतो आणि स्मशानात कुजणाऱ्या प्रेताच्या अवस्थांचेही. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी गर्भवासाचे वर्णन किळस यावी असेच केले आहे. तीच गणती वैद्य करतो ती बरे करण्यासाठी, पण विच्छेदनाच्या टेबलाशी दोन्ही हेतू नकळत एकत्र यायचे. अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी मृत्यू दिसायचा आणि वासही यायचा. पडद्यावरचे शरीर निर्मळ, चकचकीत आणि वयहीन असते, त्याला मरण नाही. त्यातून वैराग्य येणार नाही, आणि ते आणणे हे शिक्षणाचे काम आहे असेही नाही. पण किळस ओलांडून दुसऱ्याच्या देहाला आदराने हात लावण्याची सवय हा वैद्यकाचा संस्कार आहे. तो व्हिडिओ देत नाही, म्हणून कोणी तरी वेगळा द्यायला हवा.

निर्मळ दिसणाऱ्या त्या चित्रांमागेही देह आहेतच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पातली चित्रे अनेक संगणकीय शरीरप्रतिमांचा पाया ठरली. १९९४ साली प्रसिद्ध झालेला त्यातला पुरुषदेह टेक्सासमध्ये मृत्युदंड झालेल्या कैद्याचा होता. तो गोठवून एकेक मिलिमीटरचे १,८७१ छेद टिपले गेले. पेर्नकॉफ या शरीररचनातज्ज्ञाचा देखणा शरीरपट अनेक दशके वापरला गेला. तो नाझी राजवटीतल्या व्हिएन्नात तयार होत असताना तेथील शरीररचना संस्थेत देहदंड झालेल्या किमान १,३७७ जणांचे देह आले होते, हे १९९८ साली विद्यापीठाच्या चौकशीतून पुढे आले. आपल्याकडे १९४९च्या शरीररचना कायद्याने बेवारस मृतदेह महाविद्यालयांना मिळतात, म्हणजे बहुधा ज्यांना जिवंतपणी कोणी विचारले नाही अशांचे. स्वेच्छेने देहदान करणारे वेगळे. त्यांच्या देहासमोर विद्यार्थी शपथ घेतात, असा रिवाज आता अनेक महाविद्यालयांत आहे. खऱ्या देहाचे चित्रण असलेल्या प्रत्येक पाठाच्या आरंभी तो देह कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या संमतीने मिळाला, हे एका ओळीत सांगण्याचा नियम शिक्षकांनी स्वतःहून पाळावा, आणि पाहणाऱ्यांनी तो मागावा.